बोट जुळले नाही तर मतदाराचे काय? मतदारांच्या बायोमेट्रिक पडताळणीची पायरीपायरीने मांडणी

मतदान केंद्रावर मतदाराची ओळख बोटांच्या ठशांवरून किंवा चेहऱ्यावरून पटवायची, असा विचार एखाद्या निवडणूक यंत्रणेत सुरू झाला की पहिल्या बैठकीचा बहुतेक वेळ यंत्रांवर जातो. कोणता स्कॅनर घ्यायचा, बॅटरी किती तास चालेल, पुरवठादार किती दिवसांत माल देईल, यावर बोलणे होते. माझ्या मते ही चर्चा चुकीच्या टोकाने सुरू झालेली असते. ज्याचे नाव यादीत आहे, जो तासभर रांगेत उभा राहिला आहे, असा खराखुरा मतदार टेबलापाशी येतो आणि यंत्र त्याचे बोट ओळखत नाही. त्या वेळी केंद्राध्यक्षाने नेमके काय करायचे, हे खरेदीचा कागद निघण्यापूर्वी लिहून झालेले असले पाहिजे. पुढची सगळी मांडणी याच प्रश्नाभोवती केली आहे. निवडणूक अधिकाऱ्यांबरोबरच पक्षांचे मतदान प्रतिनिधी आणि निरीक्षक यांनाही ती उपयोगी पडावी, असा प्रयत्न आहे.

पहिली पायरी : नेमका आजार कोणता ते ठरवा

बायोमेट्रिक यंत्रणा मुख्यतः दोन गोष्टींना आळा घालते. एकाच माणसाने दोन-तीन ठिकाणी नाव नोंदवणे ही पहिली, आणि दुसऱ्याच्या नावावर मत टाकून जाणे ही दुसरी. पैसे वाटणे, धमकावणे, मतमोजणीत फेरफार करणे यांच्याशी तिचा काही संबंध येत नाही. बोटाचा ठसा एवढेच सांगतो की नोंदणीच्या दिवशी आलेला माणूस आणि आज आलेला माणूस एकच आहे. तो माणूस सज्ञान आहे का, त्या मतदारसंघात राहतो का, नागरिक आहे का, हे ठशावरून कळत नाही. ते नोंदणीच्या वेळी तपासलेल्या कागदांवरच अवलंबून राहते. नोंदणीत अपात्र माणूस शिरला, तर यंत्र पुढे दर निवडणुकीत त्याची ओळख इमानेइतबारे पटवून देत राहील.

म्हणून आधी मागच्या निवडणुकीचे कागद काढावेत. तोतया मतदाराबद्दल किती तक्रारी आल्या, 'माझ्या नावावर आधीच कोणी मत टाकले' असे सांगणारे मतदार किती केंद्रांवर आले, यादीत दुबार नावे किती सापडली, याची केंद्रवार नोंद करावी. दुखणे दुबार नावांचे असेल, तर ठसे नोंदणीच्या वेळी घेऊन यादी स्वच्छ करणे पुरेसे होते आणि प्रत्येक केंद्रावर यंत्र ठेवण्याची गरज राहत नाही. बांगलादेशाने २००७-०८ मध्ये आठ कोटींहून अधिक मतदारांची छायाचित्रे आणि ठसे घेऊन नवी यादी तयार केली. डिसेंबर २००८ च्या मतदानात मात्र केंद्रांवर वापरली ती छायाचित्रांसह छापलेली यादी. छापील यादीतले चांगले छायाचित्र किती काम करते, याचा विचार यंत्रांच्या चर्चेत बहुधा मागे पडतो.

दुसरी पायरी : कायद्यात काय लिहिलेले हवे

ठसे देणे सक्तीचे आहे की ऐच्छिक, नकार देणाऱ्याचा मतदानाचा हक्क राहतो का, ही माहिती निवडणुकीखेरीज दुसऱ्या कोणत्याही खात्याला देता येते का, आणि ती किती काळ जपायची, या चार प्रश्नांची उत्तरे कायद्यात असायला हवीत. ती परिपत्रकावर सोडली तर पुढे न्यायालयात द्यावी लागतात. फिलिपीन्सने २०१३ मध्ये कायदा करून बायोमेट्रिक नोंदणी नसलेल्या मतदारांची नोंद निष्क्रिय करण्याची तरतूद केली. तिला आव्हान मिळाले आणि डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. भारतात आधार क्रमांक मतदार यादीशी जोडण्याची मोहीम मार्च २०१५ मध्ये सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थांबली. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने ही जोडणी कायद्यात आली, पण विहित केलेल्या पुरेशा कारणामुळे आधार क्रमांक देता आला नाही म्हणून कोणाचा अर्ज नाकारू नये किंवा नाव वगळू नये, असेही तिच्यात लिहिले गेले. कायदा लिहिणाऱ्याने असे संरक्षक वाक्य पहिल्या मसुद्यापासूनच घातले, तर पुढचे बरेच वाद टळतात.

तिसरी पायरी : नकाराचा नियम

यंत्राच्या दोन चुका असतात. खऱ्या माणसाला 'तू तो नव्हेस' असे सांगणे हा चुकीचा नकार, आणि दुसऱ्याच माणसाला 'तूच तो' असे मान्य करणे हा चुकीचा होकार. एक कमी करायला गेले की दुसरी वाढते. त्यामुळे नकार येणार हे गृहीत धरून त्यावरचा नियम आखावा लागतो.

हा नियम ऐन मतदानाच्या दिवशी ठरवण्याची वेळ आली तर काय होते, हे नायजेरियात २८ मार्च २०१५ रोजी दिसले. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन आपल्या गावी मतदानाला गेले आणि त्यांचेच ठसे यंत्राला वाचता येईनात. इतर अनेक केंद्रांवरही अशाच अडचणी आल्यावर, जिथे यंत्र चालत नाही तिथे हाताने नोंद करून मतदान घेण्याची मुभा आयोगाला त्याच दिवशी द्यावी लागली. निर्णय गैर नव्हता. पण जो नियम सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो, त्यावर हरणारा पक्ष बोट ठेवणारच. नायजेरियाने २०२१ पासून वापरात आणलेल्या नव्या यंत्रात ठशाबरोबर चेहऱ्याचीही पडताळणी होते.

घानाने २०१२ मध्ये दुसरे टोक गाठले होते. 'पडताळणी नाही, तर मत नाही' असा कडक नियम होता आणि ७ डिसेंबरला अनेक ठिकाणी यंत्रे बंद पडल्याने तिथले मतदान दुसऱ्या दिवशीही सुरू ठेवावे लागले. पडताळणीविना पडलेली मते हा पुढच्या निवडणूक याचिकेतला एक मुद्दा झाला. ती याचिका ऑगस्ट २०१३ मध्ये फेटाळली गेली.

या दोन टोकांच्या मध्ये राहणारा आणि माझ्या मते चालण्याजोगा क्रम असा आहे. पहिले बोट जुळले नाही तर त्याच बोटाचा आणखी एक प्रयत्न करावा, मग दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पाहावी, आणि एकूण प्रयत्नांची मर्यादा, समजा सहा, नियमातच लिहावी. ती संपली की मतदाराला रांगेतून घालवून न देता शेजारच्या दुसऱ्या टेबलावर बसवावे, म्हणजे मुख्य रांग अडत नाही. तिथे यंत्रात सोय असेल तर चेहरा जुळवावा, नसेल तर यादीतले छायाचित्र, ओळखपत्र आणि समोरची व्यक्ती यांची तुलना करावी. मतदान प्रतिनिधींना ही तुलना पाहता यावी आणि हरकत असल्यास ती लेखी नोंदवता यावी. केंद्राध्यक्षाची खात्री पटली की एक पानी नमुना भरायचा. त्यात यादीतला अनुक्रमांक, कोणकोणती बोटे पाहिली, ओळख कशावरून पटवली आणि कोणी हरकत घेतली का, एवढेच असावे. त्यानंतर त्या मतदाराला इतरांसारखीच मतपत्रिका मिळावी आणि ती त्याच पेटीत पडावी. दिवसभरात असे दोनच मतदार निघाले आणि त्यांची पेटी वेगळी ठेवली, तर त्यांनी कोणाला मत दिले हे मोजणीच्या टेबलावर उघड होईल.

यंत्रात त्या नावावर मतदान झाल्याची नोंद आधीच असेल, तर ते प्रकरण निराळे आहे. अशा मतदाराचे मत स्वतंत्र लिफाफ्यात मोहोरबंद ठेवून त्याचा निर्णय नंतर करण्याची पद्धत अनेक कायद्यांत पूर्वीपासून आहे. तीच इथे लावावी.

चौथी पायरी : नोंदणीच्या टेबलावरचा हात

मतदानाच्या दिवशीचे निम्मे नकार नोंदणीच्या दिवशीच पेरलेले असतात, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. म्हणून या टेबलावर काय घडते ते जवळून पाहू. सत्तरीची एक बाई समोर बसली आहे. ती बोटाचे टोक, म्हणजे नखाच्या लगतचा भाग, काचेवर टेकवते, कारण बटण दाबल्यासारखे दाबायचे असते असे तिला वाटते. ठशाच्या रेषांचा उपयोगी गाभा असतो तो पेराच्या मधल्या फुगीर भागात, आणि तो काचेला लागलेलाच नाही. घाईतला कर्मचारी पडद्यावर आकृती उमटली एवढे पाहून पुढचे बोट मागतो. नीट शिकवलेला कर्मचारी तिच्या परवानगीने मनगट किंचित खाली घेतो, बोट आडवे टेकवतो आणि कातडी कोरडी पडली असेल तर ओलसर फडक्यावरून फिरवून घेतो. घामेजलेल्या बोटाला कोरडे फडके लागते. दगड, सिमेंट, चुना किंवा धुण्याच्या सोड्याशी रोजचा संबंध असणाऱ्यांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि उतारवयात त्या आणखी पुसट होतात. अशा हाताला दोन मिनिटे जास्त द्यावी लागतात.

यासाठी तीन गोष्टी आग्रहाने ठरवाव्यात. दहाही बोटांचे ठसे घ्यावेत, कारण एक बोट कापले, भाजले किंवा झिजले तरी नऊ हाताशी राहतात. प्रतिमा इंचाला ५०० बिंदूंच्या प्रचलित मानकाची असावी आणि प्रत्येक ठशाला संगणकाने दिलेला दर्जागुण नोंदवावा. तो ठरलेल्या पातळीखाली असेल तर पुन्हा प्रयत्न केल्याशिवाय नोंद बंद होऊ नये. ज्यांचे हात वा बोटे नाहीत, किंवा ज्यांच्या रेषा कितीही प्रयत्न केले तरी येत नाहीत, त्यांच्या नोंदीवर 'ठसा अपेक्षित नाही' अशी खूण त्याच वेळी करावी, म्हणजे मतदानाच्या दिवशी त्यांना यंत्रापुढे उभेच करावे लागत नाही. छायाचित्र साध्या पार्श्वभूमीवर, चेहऱ्यावर सावली न पडता घ्यावे. चेहरा झाकणाऱ्या स्त्रियांसाठी आडोसा आणि महिला कर्मचारी यांची व्यवस्था दोन्ही दिवशी हवी. अफगाणिस्तानात २०१९ च्या निवडणुकीत महिला मतदारांची छायाचित्रे घेण्याच्या नियमावर मोठी टीका झाली होती. काही घरांतून बायकांना मतदानालाच जाऊ दिले जाणार नाही, अशी भीती त्यामागे होती.

पाचवी पायरी : दुबार नावांचा शोध आणि त्यातले गणित

यादीतल्या प्रत्येकाची इतर सर्वांशी तुलना करून दुबार नोंदी शोधतात. इथे संख्यांचा आवाका नीट समजून घ्यावा. मतदार एक कोटी असतील तर त्यांच्या जोड्या सुमारे ५० लाख कोटी होतात. दहा लाख तुलनांमागे एक चुकीचा होकार देणारी यंत्रणा ऐकायला उत्तम वाटते, पण तिने या यादीत सुमारे पाच कोटी जोड्या विनाकारण संशयित ठरवल्या असत्या. चुकीचे प्रमाण १०० कोटींमागे एक इतके खाली आणले, तरीही ५० हजार जोड्या उरतात. एका बोटाऐवजी दहा बोटे एकत्र तपासण्याचे खरे कारण हे आहे. आणि यंत्राने दाखवलेली जोडी हा पुरावा न मानता चौकशीची सुरुवात मानावी, याचे कारणही हेच. प्रत्येक संशयित जोडी दोन प्रशिक्षित माणसांनी स्वतंत्रपणे पाहावी, मतदाराला नोटीस जावी, म्हणणे मांडायला मुदत मिळावी आणि त्यानंतरच नाव कमी व्हावे. संगणकाने आपोआप नाव वगळण्याची सोय प्रणालीत ठेवूच नये.

सहावी पायरी : केंद्रावरचे यंत्र निवडणे आणि त्याची मर्यादा ठरवणे

केंद्रावर मतदाराचा अनुक्रमांक आधी शोधावा आणि मग त्याच्या एकट्याच्या नोंदीशी ठसा ताडून पाहावा. नुसते बोट ठेवून साऱ्या यादीत शोध घ्यायला लावले, तर वेळही जातो आणि चुकीच्या होकाराची शक्यताही वाढते. जुळणीचा गुण किती आला म्हणजे होकार समजायचा, ही मर्यादा पुरवठादाराने कारखान्यात ठरवलेली असते. ती जशीच्या तशी न स्वीकारता आपल्या मतदारांवर चाचणी घेऊन ठरवावी. केंद्रावर तोतया माणसाला कोणाच्या तरी ठशाशी योगायोगाने जुळणे मुळातच अवघड असते, शिवाय पकडले जाण्याची भीती असते. त्यामुळे मर्यादा थोडी सैल ठेवली तरी बिघडत नाही, असे माझे मत आहे. खरा मतदार परत जाणे हे त्याहून मोठे नुकसान आहे.

आता वेळेचा हिशेब पाहू. एका केंद्रावर १,००० मतदार आणि दहा तास, म्हणजे ३६,००० सेकंद. प्रत्येकाच्या वाट्याला ३६ सेकंद येतात, तेही सगळे समान अंतराने आले तर. पडताळणीला सरासरी ३० सेकंद लागले तर कागदावर जमते, पण सकाळची आणि संध्याकाळची गर्दी जमू देत नाही. आता १०० पैकी पाच जणांना नकार आला आणि दुसऱ्या टेबलावर प्रत्येकाला चार मिनिटे लागली, तर त्या टेबलावर २०० मिनिटांचे काम होते. त्याला स्वतंत्र माणूस लागणार हे या आकड्यावरूनच कळते.

केनियात ४ मार्च २०१३ रोजी अनेक केंद्रांवर ओळख पटवणारी यंत्रे निकामी झाली. केंद्रे वीज नसलेल्या वर्गखोल्यांत होती, बॅटरी उतरल्या आणि कर्मचाऱ्यांना छापील यादीकडे वळावे लागले. छापील यादी होती म्हणून मतदान पुढे गेले. तेव्हा यंत्र कितीही नवे असो, छापील यादी टेबलावर असलीच पाहिजे आणि मतदाराची खूण यंत्राबरोबर तिच्यावरही झाली पाहिजे. यंत्रात त्याच केंद्रापुरती माहिती सांकेतिक स्वरूपात असावी, म्हणजे नेटवर्क गेले तरी काम चालते आणि यंत्र चोरीला गेले तरी सगळी यादी जात नाही.

सातवी पायरी : रंगीत तालीम

तालमीसाठी कार्यालयातले तरुण कर्मचारी उभे करू नयेत. त्यांची बोटे नेहमीच जुळतात. साठीपुढचे लोक, अंगमेहनत करणारे, हाताला इजा झालेले, पहिल्यांदाच स्कॅनर पाहणारे असे मतदार बोलवावेत आणि प्रत्येक गटाचे नकाराचे प्रमाण वेगळे लिहावे. एकूण सरासरी चांगली दिसत असताना एखाद्या गटातला दर सहावा माणूस नाकारला जात असू शकतो. बॅटरी शंभर टक्क्यांपासून शून्यापर्यंत उतरू द्यावी, मध्येच यंत्र बंद करून राखीव यंत्रावर काम हलवून पाहावे, पासवर्ड चुकीचा टाकून पाहावा. तालमीचे आकडे सर्व पक्षांना द्यावेत.

आठवी पायरी : मतदानाचा दिवस

यंत्र सुरू करताना पडद्यावर पडताळणीची संख्या शून्य असल्याचे प्रतिनिधींना दाखवून त्यांच्या सह्या घ्याव्यात. टेबल अशा ठिकाणी ठेवावे की स्कॅनरवर थेट ऊन पडणार नाही, कारण प्रखर उजेडात काही स्कॅनर फसतात. काच दर काही मतदारांनंतर पुसावी. बोटाला शाई लावायची पद्धत असेल तर ती पडताळणीनंतरच लावावी. ओली शाई काचेला लागली की तिचा डाग पुढच्या प्रत्येक ठशात उमटतो, आणि यंत्र का बिघडले हे तासभर कोणाला कळत नाही.

मतदाराची ओळख आणि त्याचे मत यांचा धागा कुठेही जुळता कामा नये. ओळख पटवणारे यंत्र वेळेसह क्रम नोंदवते. मते ज्या क्रमाने पडली तो क्रमही कुठे राहिला, तर दोन याद्या शेजारी ठेवून कोणी कोणाला मत दिले हे काढता येते. ही भीती कल्पनेतली नाही. व्हेनेझुएलात २००५ च्या संसदीय निवडणुकीआधी मतदान यंत्रातून मतांचा क्रम जुळवता येतो असे दाखवले गेल्यावर ठसे घेणारी यंत्रे बाजूला ठेवावी लागली, आणि तरीही प्रमुख विरोधी पक्षांनी माघार घेतली. ब्राझीलमध्ये मतदान यंत्र मते सरमिसळ करून साठवते. २०१२ च्या सार्वजनिक चाचणीत ब्राझिलिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ती सरमिसळ उलगडून मूळ क्रम परत मिळवून दाखवला. म्हणून पडताळणीचे यंत्र मतदानाच्या यंत्राला तारेने वा बिनतारी कसलेही जोडलेले नसावे, असा माझा आग्रह आहे. कागदी मतपत्रिका असतील तर त्यावरचा क्रमांक आणि पडताळणीचा क्रम यांची एकत्र नोंद कुठेही होऊ देऊ नये.

नववी पायरी : मतदान संपल्यावर

यंत्राने पडताळलेले मतदार अधिक नमुना भरून मतदान केलेले मतदार, ही बेरीज दिलेल्या मतपत्रिकांशी जुळली पाहिजे, आणि दिलेल्या मतपत्रिका या पेटीतल्या, खराब झालेल्या व लिफाफ्यात ठेवलेल्या मतपत्रिकांच्या बेरजेशी. हा ताळेबंद केंद्रावरच, प्रतिनिधींसमोर लिहून त्याची प्रत त्यांना द्यावी. नंतर सर्व केंद्रांचे नमुने एकत्र मांडावेत. एखाद्या केंद्रावर नकारांचे प्रमाण शेजारच्या केंद्रांपेक्षा फार जास्त असेल तर यंत्र तरी बिघडले होते किंवा नमुन्याचा आडोसा करून बोगस मतदान झाले. एकही नकार नसलेले मोठे केंद्रही तपासावे. तिथे नाकारलेल्या मतदारांना नमुना न देताच परत पाठवले असण्याची शक्यता असते.

यंत्रातल्या नोंदी याचिकेची मुदत संपेपर्यंत मोहोरबंद ठेवाव्यात आणि त्यानंतर केंद्रावर घेतलेली छायाचित्रे व ठसे साक्षीदारांसमोर पुसून टाकावेत. मार्च २०१६ मध्ये फिलिपीन्सच्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळातून मतदारांची माहिती चोरीला गेली आणि कोट्यवधी लोकांचे तपशील बाहेर आले. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. ज्याचे ठसे बाहेर गेले त्याला आयुष्यभर त्याच दहा बोटांनी वावरायचे असते.

शेवटचे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते. ज्या मतदारांसाठी नमुना भरावा लागला त्यांची यादी नोंदणी कार्यालयात पाठवावी, आणि पुढच्या निवडणुकीपूर्वी एखाद्या कर्मचाऱ्याने त्यांच्या घरी जाऊन, सवडीने, ओलसर फडके बरोबर घेऊन ठसे नव्याने घ्यावेत किंवा त्यांच्या नोंदीवर 'ठसा अपेक्षित नाही' अशी खूण करून यावे.